जागल्या

पितांबरने किल्ली सहा वेळा फिरवली, घंटीच्या हातोडीवर धरलेलं बोट अलगद काढलं आणि सलाईनची भरलेली बाटली आकड्याला अडकवली. स्प्रिंग ताणली गेली. काटा सरकत खाली आला आणि पितळी पट्टीवरच्या रेघेपाशी थांबला. मग त्याने वहीत सत्तावीस आकडा घातला, वेळ टाकली आणि ‘वाजली’, ‘नाही वाजली’ ही दोन्ही घरं कोरी ठेवून वही खाटेच्या पायथ्याशी लटकवली.

"भाऊ, तुमचा जागल्या आमच्यापेक्षा बरा," कुंदा सिस्टर सुई टोचता टोचता म्हणाली. "रजा मागत नाही, चहा मागत नाही."

"किल्ली मागतो," पितांबर म्हणाला.

सिस्टर हसली. बायकांच्या त्या वॉर्डात बावीस खाटा होत्या आणि दुपारी तिच्या एकटीच्या गळ्यात त्या सगळ्या पडत. म्हणून या धुळ्याच्या काटेवाल्यावर तिचा भलता जीव होता. बाटली रिकामी होत आली, की हलकी होते. हलकी झाली, की स्प्रिंग तिला वर ओढते. दोन बोटं पाणी उरलं, की खटका सुटतो आणि गजराच्या घड्याळातून काढलेली घंटी सगळा वॉर्ड डोक्यावर घेते. वीज लागत नाही, सेल लागत नाही. गावचा जागल्या रात्रभर जागून गाव राखायचा, म्हणून पितांबरने यंत्रालाही तेच नाव दिलं होतं.

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत त्याचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण नववी. कापसाचे व्यापारी, भुसारवाले, सोनार, सगळ्यांचे काटे त्याच्या हाताखालून जात. काटा खोटं बोलायला लागला, की पितांबरला तो नुसत्या आवाजावरून कळे. बायको गेली आणि तो वर्षभर दुकानात नुसता बसून राहिला. मग एके दिवशी त्याने एक ताणकाटा आणि एक गजराचं घड्याळ उघडून समोर मांडलं. दोन महिन्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं ते धूड घेऊन तो जळगावला विद्यापीठाच्या उद्योजक केंद्रात येऊन उभा राहिला. नव्या कल्पना असलेल्यांनी अर्ज करावा, अशी जाहिरात त्याने वर्तमानपत्रात वाचली होती. रांगेत सगळी इंजिनियर पोरं होती. त्यांनी टॉवेलाकडे पाहून एकमेकांना कोपर मारलं.

केंद्र भामरे सर चालवत. त्यांनी टॉवेल सोडला, आकड्याला पाण्याची बाटली लावली आणि घंटी वाजेपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत.

"हे सुचलं कसं तुम्हाला?"

"बायको दवाखान्यात होती. मी शेजारी बसलो होतो. चार दिवसांचं जागरण. माझा डोळा लागला. बाटली कधी संपली, कळलंच नाही. उठून पाहतो तर…"

सरांनी पुढचं विचारलं नाही. पण ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं आणि प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर टंकलेखकाकडून जाड अक्षरात उमटवून घेतलं. ‘रुग्णाशेजारी बसलेल्या माणसाचा डोळा लागला, त्यातून हे उपकरण जन्मले.’

"आमचं काम कोंबडीचं," सर आलेल्या प्रत्येकाला सांगत. "अंडं तुमचं. आम्ही फक्त बसून राहायचं आणि ऊब द्यायची. पण मध्येच उठून गेलं, की अंडं वाया."

आणि ते बसले, हे पितांबर नाकारणार नव्हता. केंद्राने त्याला खोली दिली. कॉलेजच्या कारखान्यातलं लेथ मंगळवारी आणि शुक्रवारी त्याचं. स्प्रिंग हजार वेळा ताणल्यावर किती सैल पडते, ते मोजायला भौतिकशास्त्राच्या बाईंनी शिकवलं. पेटंटचा अर्ज भरायला मुंबईहून वकील येऊन गेला. डॉक्टर बोरसे केंद्राच्या समितीवर होते, त्यांनी आपल्या दवाखान्याचा वॉर्ड उघडून दिला. दर महिन्याला बैठक होई आणि तिच्यात असे प्रश्न येत, की थंडीतही घाम फुटे. वस्तू कोण विकत घेणार? कोण वापरणार? बिघडली तर कोण दुरुस्त करणार?

शेवटची अट साधी होती. एकतीस मार्चच्या आत तीस बाटल्या, तिसाच्या तीस वेळा घंटी, प्रत्येकीपुढे सिस्टरची सही. तसं झालं, तर केंद्राचा दाखला, खोली आणखी एक वर्ष, आणि एमआयडीसीतले मोतीलालशेठ पहिले शंभर नग काढणार. नाही झालं, तर चौथी गल्ली. तिथलं घर बंद होतं. कुलूप काढलं, की आतून जो वास येईल, त्याची पितांबरला धास्ती होती.

इथे तरी काय गोकुळ होतं? केंद्रात पाच खोल्या. घडीचं स्ट्रेचर करणारे दोघं पुण्याला नोकरीला लागले. केळीचे वेफर कापायचं यंत्र करणारा लग्न करून सुरतेला गेला. बाकीच्या दोन खोल्यांना कुलपं का लागली, ते त्याला कोणी सांगितलंही नाही. आता त्या लांबलचक व्हरांड्यात एकट्या पितांबरच्या चपला वाजत. रविवारी तर कुत्रंही फिरकत नसे. तो खिचडी टाकायचा आणि बाकावरच्या जागल्याशी बोलायचा. "आज दोनदा वाजलास. शाब्बास." कोणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं, पण ऐकायला होतं कोण? त्याला फार एकटं वाटे आणि ते कोणाला सांगायची त्याला लाज वाटे.

सत्ताविसावी बाटली वाजली. अठ्ठाविसावी, एकोणतिसावीही वाजली. सत्तावीस मार्चला दुपारी तिसावी बाटली अकराव्या खाटेला लागली.

तिथे यशोदाबाई होती. चाळीसगावकडची, सत्तरीची, अंगाने काटकुळी आणि तोंडाने खमकी. नऊ दिवस तिचा मुलगा झुलाल स्टुलावर बसून होता. आदल्या दिवशी त्याने यंत्राकडे बोट दाखवून विचारलं होतं,

"भाऊ, हाई काय शे?"

पितांबरने त्याला सगळं सांगितलं. सांगताना त्याची छाती थोडी फुगलीच. बाटली संपली, की ही वाजते. वाजली, की सिस्टर येते.

"मंग मी आठे बठी ऱ्हावानं काम नही?"

"नही," पितांबर मोठ्या अभिमानाने म्हणाला. "अजिबात नही."

आज तो पिशवी खांद्याला लावून उभा होता.

"मळणीना नंबर लागेल शे, भाऊ. आज नही गऊ ते मशीन दुसराना वावरमा जाई. घंटी शे, तुमी शेतस. उद्या संध्याकाळले येस." आईकडे वळून तो म्हणाला, "माय, जास मी."

तो पॅसेंजर गाठायला धावत सुटला. आणि पितांबरने किल्ली फिरवली, सहा वेळा.

भेटीची वेळ संपली. वॉर्डातली गर्दी ओसरली, तरी ज्याच्या त्याच्या खाटेशी एक माणूस उरलंच. कोणी वारा घालत होतं, कोणी पाय दाबत होतं, कोणी काही न करता नुसतं बसलं होतं. आपल्याकडे दवाखान्यात रोग्याजवळ कोणी बसलेलं नसलं, तर शेजारचे आधी विचारतात, याला कोणी नाही का? अकराव्या खाटेजवळचं स्टूल तेवढं रिकामं होतं. पितांबर दाराशी बाकड्यावर बसून लांबून काट्यावर लक्ष ठेवून होता. तो नेहमी तिथेच बसायचा. यंत्राजवळ माणूस असला, तर चाचणी खरी कशी म्हणायची?

"ओ भाऊ! घंटीवाला! आठे ये."

तो गेला.

"पानी दे थोडंसं."

त्याने फुलपात्र तिच्या ओठांना लावलं. ती दोन घोट प्यायली आणि डोक्यावरच्या यंत्राकडे बघत राहिली.

"हाई तुनी घंटी पानी पाजस का?"

"नही, माय."

"मंग काय करस?"

"बाटली सरनी का वाजस."

"आनि मना जीव गया ते? वाजी का?"

महिन्याच्या बैठकीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"झुलाल नऊ दिन बठना व्हता," म्हातारी म्हणाली. "बोले ना चाले. नुसता बाटलीकडे दखत बठे. पन व्हता." मग थोडं थांबून, "तूच सांगं ना त्याले, बठानं काम नही म्हनीसन?"

"हां, माय."

"बठ मंग आते तू."

पितांबरने दाराकडे पाहिलं. वही, चाचणी, नियम. मग तो स्टुलावर बसला. स्टूल अजून कोमट होतं असं त्याला वाटलं. तसं ते असणं शक्य नव्हतं, झुलालला जाऊन तास उलटला होता.

"तुले कोन शे घर?"

"कोनी नही. बायको व्हती. कमल. दोन वरीस व्हयनात."

"काय व्हयनं तिले?"

पितांबरला हा प्रश्न पाठ होता आणि उत्तरही. समितीपुढे, वर्तमानपत्राच्या माणसापुढे, कुंदा सिस्टरपुढे त्याने ते दिलं होतं.

"अशीच बाटली चालू व्हती. मना डोळा लागना…"

म्हातारी त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांत कीव नव्हती, घाईही नव्हती. पडून पडून कंटाळलेलं माणूस जसं बघतं, तशी बघत होती. पितांबरची नजर खाली गेली.

"नही, माय," तो म्हणाला. "डोळा नही लागना मना. मी उठी गऊ."

शेजारच्या खाटेवर कोणी तरी खोकलं. तो थांबला आणि आवाज आणखी उतरवून बोलत राहिला. 

"ती कन्हे. चार दिन कन्हे. माले सहन व्हये ना. ती म्हने, बठ, जाऊ नको. मी म्हनं, चहा पीसन येस. फाटकबाहेर उसना रसनं दुकान व्हतं. तठे जाई बठनू. एक गिलास पिधा. मंग आखो एक पिधा. तासभर बठनू." त्याने स्टुलाची कड घट्ट धरली. "रस गोड लागना माले, माय."

परत आला, तेव्हा बाटली रिकामी होती, नळीत रक्त चढलं होतं आणि कमलचा हात खाटेवरून खाली, स्टुलाच्या दिशेने लोंबत होता. डॉक्टर म्हणाले, बाटलीचा काही संबंध नाही, हृदयच थकलं होतं. संध्याकाळी मेहुणा पंडित आला. पितांबरला बोलताच येईना, तेव्हा तोच म्हणाला, चार दिवसांचं जागरण, भाऊचा डोळा लागला असेल. पितांबरने मान हलवली. तेवढंच. नुसती एक मान. पुढे त्या मानेचं वाक्य झालं आणि वाक्याचं पहिलं पान.

हे सगळं त्याने म्हातारीला सांगितलं की मनातच ठेवलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"बर्फ टाकेल व्हता का?" तिने विचारलं.

"कशामा?"

"रसमा."

"व्हता."

"मंग गोडच लागी," ती म्हणाली आणि सुई नसलेल्या हाताने तिने त्याचं मनगट धरलं.

पितांबर रडला. दोन वर्षांत तो रडला नव्हता. पंडितने खांद्यावर हात ठेवला तेव्हा नाही, दहाव्याला कावळा शिवला तेव्हा नाही. आता भर दुपारी, बावीस खाटांच्या मध्ये, तो लहान पोरासारखा नाक ओढत रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

घंटी वाजली तेव्हा तो दचकलाच. इतक्या जवळून त्याने ती कधी ऐकली नव्हती. दाराशी ती शाबासकीसारखी वाटायची. इथे, उशाशी, ती नुसती कल्ला करत होती. सिस्टर दुसऱ्या टोकाला ड्रेसिंगमध्ये गुंतली होती. घंटी वाजत राहिली आणि वाजत राहिली. पितांबरला दिसलं, की त्या दिवशी कमलच्या उशाशी हे यंत्र असतं, तर तेही असंच वाजलं असतं. बिनचूक. रिकाम्या स्टुलापुढे.

"वाजी ऱ्हायनी तुनी," म्हातारी म्हणाली. मनगट तिने सोडलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने नळीवरचं चाक फिरवून बंद केलं.

कुंदा सिस्टरने ‘वाजली’च्या घरात सही ठोकली. "तिसाच्या तीस! आता पेढे, भाऊ."

झुलाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. अंगाला गव्हाचा भुसा तसाच. त्याने दशम्यांची पिशवी खाटेखाली ठेवली आणि स्टुलावर बसून बाटलीकडे बघायला लागला. पितांबरने दारातूनच त्याला पाहिलं आणि आत न जाता तो मागे वळला.

बैठक तीस तारखेला होती. भामरे सर खुशीत होते. "आकडे तर आहेतच, पण लोकांना गोष्ट लागते, पितांबरभाऊ. ते पहिलं वाक्य तुम्ही स्वतः उभं राहून सांगा. मोतीलालशेठ तिथेच विरघळतील."

पितांबर हो म्हणाला. मग तो कारखान्यात गेला. मंगळवार होता, लेथ त्याचंच होतं. जुन्या काट्यातल्या चार स्प्रिंगा त्याने धुळ्याहून आणून ठेवलेल्या होत्या. खोलीतलं स्टूल त्याने उलटं केलं, बैठक सोडवली आणि खाली स्प्रिंगा बसवल्या. खटका लावायला संध्याकाळ झाली. कारखान्याच्या शिपायाने विचारलं, "आता काय नवीन?"

"काटा," पितांबर म्हणाला. "माणसाचा."

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला भामरे सर, डॉक्टर बोरसे, विद्यापीठाचे दोन अधिकारी, टोकाला पांढऱ्या टोपीतले मोतीलालशेठ. मध्ये स्टँडला जागल्या, त्याला भरलेली बाटली. पितांबरने खुर्ची नाकारली, आपलं स्टूल खालून एक हात धरून आणलं आणि त्यावर बसला. त्याच्या साधेपणाचं अधिकाऱ्यांनी कौतुक केलं.

सरांनी आकडे वाचले. केंद्राने काय काय दिलं ते सांगितलं, कोंबडी आणि अंडं सांगितलं, सगळे हसले. मग त्यांनी पहिलं पान उघडलं आणि आवाज हळवा केला.

"पण या उपकरणाचा जन्म प्रयोगशाळेत झालेला नाही. तो कसा झाला, हे पितांबरभाऊच सांगतील. उठा, भाऊ."

पितांबर उठला.

घंटी खणखणून वाजायला लागली.

सगळ्यांनी स्टँडकडे पाहिलं. बाटली काठोकाठ भरलेली होती, काटा रेघेवर होता.

"नेमका आजच बिघडला का हो?" मोतीलालशेठ हसून ओरडले.

"बिघडला नाही, शेठ," पितांबरलाही आवाज चढवावा लागला. "ही दुसरी. स्टुलाखाली आहे. बसलेला माणूस उठला, की वाजते."

कोणी तरी हसलं. डॉक्टर बोरसे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि ते स्टुलाकडे बघत राहिले. भामरे सर अहवालाची पानं भराभर उलटत होते. "हे कुठेय? भाऊ, हे यात कुठेच नाही."

पितांबर खाली बसला. घंटी थांबली. आता सगळे ऐकत होते.

"सर," तो म्हणाला, "पहिल्या पानावरचं ते वाक्य खोडा. माझा डोळा लागला नव्हता."